अट कामाची, की मध्यस्थाची?

गेल्या पावसाळ्यात सांगलीतील आमच्या युनियनच्या कचेरीत एक कामगार आला. वय पंचेचाळीसच्या आसपास. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याने वीस वर्षे काम केले होते. आधी साध्या लेथवर आणि पुढे सीएनसी यंत्रावर. कारखान्याचे ते खाते बंद झाले आणि हिशेबाचे पैसे घेऊन हा घरी बसला. पाच महिन्यांत त्याने चाळीसेक ठिकाणी अर्ज केले होते. बहुतेकांचे उत्तरच आले नाही. ज्यांचे आले, त्यांनी फोनवर दोन-चार प्रश्न विचारून "कळवतो" म्हटले आणि कळवले नाही. खिशातला मोबाइल काढून माझ्यापुढे ठेवीत तो म्हणाला, "अण्णा, वीस वरसं लोखंड कापतोय. आन् आता फोनवरची पोरगी इचारती, तुमाला इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो येतंय का? ही कुठली मशीन हाय, तेवढं सांगा."

ही कुठली मशीन नव्हेच. २०११ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात हे नाव प्रथम लोकांपुढे आले. कारखान्यातील यंत्रे एकमेकांशी आणि संगणकाशी जोडायची, त्यांच्याकडून येणाऱ्या माहितीवर उत्पादन चालवायचे, या एकंदर घडणीला दिलेले ते नाव आहे. "तुम्हाला हे येते का" असे एका यंत्रचालकाला विचारणे म्हणजे शेतकऱ्याला "तुम्हाला हरितक्रांती येते का" असे विचारण्यासारखे आहे. विचारणाऱ्या मुलीचाही त्यात दोष नव्हता. तिच्यापुढे एक यादी होती आणि यादीतील प्रत्येक ओळीपुढे "होय" किंवा "नाही" लिहायचे होते. पण त्या एका शब्दावर या माणसाच्या घरची चूल अवलंबून होती. मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्याला काही येतच नाही, असे हा कसबी माणूस आता मानू लागला होता.

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यात, वाचनालयात आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर. तेव्हा संगणकशास्त्र सांगण्याचा आव मी आणणार नाही. नोकरी शोधणाऱ्यापुढे आज यंत्रांच्या, सॉफ्टवेअरच्या आणि मोबाइलच्या ज्या अटी ठेवल्या जातात, त्या कशा वाचाव्यात आणि त्यांना कसे उत्तर द्यावे, एवढेच येथे मांडतो.

प्रथम हे पाहू, की अट घालणारा हा मध्यस्थ आला कोठून. आपल्या सातारा-सांगलीकडच्या लोकांना तो नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले आजे-पणजे गेले, तेव्हा साहेबाने त्यांना निवडले नव्हते. निवडले जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने. गावचा, नात्याचा माणूस तो कामाला लावी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढावे असे सुचवले. जॉबर लाचखाऊ असेल. पण एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. त्याला काम कळत होते. समोरच्या पोराची बोटे पाहून हा धागा जोडील की नाही, हे तो सांगू शके.

पुढे १९४५ साली, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून सरकारने रोजगार विनिमय केंद्रे काढली. अपशिंग्यासारखी सैनिकांची गावे असलेल्या सातारा जिल्ह्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा या केंद्राला कळवणे मालकांवर बंधनकारक झाले. मात्र तेथूनच माणूस घेतला पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय सामावून घेतला गेला आहे. नोंदणीचे कार्ड जाऊन आता महास्वयमच्या संकेतस्थळावर नोंद होते आणि केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळही २०१५ पासून आहे. या दोन्ही ठिकाणी नोंद जरूर करावी.

परंतु खाजगी कारखान्यांची बरीचशी भरती आज कन्सल्टन्सीमार्फत होते. ज्याला माणूस हवा तो खात्याचा सुपरवायझर एक गोष्ट सांगतो. कचेरीतील मनुष्यबळ विभाग त्यात चार गोष्टी घालतो. कन्सल्टन्सी जुन्या जाहिरातीतून आणखी चार उचलते. अशी ती यादी तीन हातांतून फिरून उमेदवारापर्यंत येते. यादी वाचणाऱ्याला काम ठाऊक नसते आणि काम ठाऊक असणारा यादी वाचत नाही. सारा घोटाळा येथे आहे.

त्यातच अर्ज माणसाच्या आधी संगणक पाहतो. त्याची रीत समजून घेतली तर भीती निम्मी होते. शेकडो अर्जांतून तो ठराविक शब्द शोधतो. ते सापडले तर अर्ज वर, नाही तर खाली. त्याला हुशारी कळत नाही आणि कसबही कळत नाही. २०२१ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी अमेरिका, ब्रिटन व जर्मनी या देशांतील भरतीची पाहणी प्रसिद्ध केली. जाहिरातीतील अटींशी तंतोतंत जुळत नाहीत एवढ्यामुळे वरच्या कौशल्याचे लायक उमेदवारही गाळले जातात, असे त्यांतील ८८ टक्के नोकरी देणाऱ्यांनीच मान्य केले. २०१८ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आणखी एक गोष्ट उघड केली. ॲमेझॉन कंपनीने अर्ज चाळण्यासाठी एक संगणकीय पद्धत बनवायला घेतली होती. पूर्वीचे बहुतेक अर्ज पुरुषांचे असल्याने ती बायकांच्या अर्जांना कमी लेखायला शिकली, आणि कंपनीला ती सोडून द्यावी लागली. तेव्हा चाळणीतून खाली पडलो म्हणजे आपण नालायक, असे समजण्याचे कारण नाही. चाळणीची भोके कोणी व कशी पाडली, हाही प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या अनुभवाप्रमाणे या अटी तीन जातींच्या असतात. पहिली कामाची अट, दुसरी मध्यस्थाच्या सोयीची आणि तिसरी फसवणुकीची. तिन्ही एकाच यादीत, एकाच अक्षरात छापलेल्या असतात. माणूस गोंधळतो तो तिन्हींना एकच उत्तर देऊ लागल्यामुळे.

कामाची अट ओळखायला एक प्रश्न पुरतो: "पहिल्या दिवशी मी यावर नेमके काय करायचे आहे?" हा प्रश्न फोनवर नम्रपणे विचारावा. पलीकडच्याला उत्तर ठाऊक नसेल तर म्हणावे, "खात्यातल्या साहेबांना विचारून सांगा, मी उद्या फोन करतो." पुष्कळदा एवढ्यानेच यादी दहा ओळींवरून तीनवर येते.

आमच्या त्या कामगाराचेच पाहा. एका जाहिरातीत फॅनकचा अनुभव मागितला होता, दुसऱ्या जाहिरातीत सीमेन्सचा. त्याचे आयुष्य फॅनकवर गेलेले. म्हणून दुसरीकडे त्याने "येत नाही" असे सांगितले. वास्तविक ही यंत्राच्या नियंत्रकाची, म्हणजे पॅनेलमागच्या संगणकाची नावे आहेत. पॅनेलवरची बटणे निराळी, पडदा निराळा, काही आज्ञा निराळ्या. पण मूळ आज्ञांपैकी कितीतरी समान आहेत. जी-झिरो-वन म्हटले की टूल सरळ रेषेत कापत जाते, एम-झिरो-थ्री म्हटले की स्पिंडल फिरू लागतो. ड्रॉइंग वाचणे, जॉब बांधणे, टूल झिजल्यावर ऑफसेट देणे, मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटर मोजणे हा खरा धंदा, आणि तो कंपनीचे नाव बदलल्याने बदलत नाही. "फॅनकवर इतकी वर्षे, सीमेन्स चालवलेले नाही, पण सेटिंग व प्रोग्राममधली दुरुस्ती स्वतः करतो, पॅनेल समजून घ्यायला थोडे दिवस लागतील," हे त्याचे खरे उत्तर होते. "येत नाही" म्हणून त्याने स्वतःवर अन्याय केला.

सांगलीच्या हळदपेठेत अडतीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्यांचेही असेच होते. जाहिरातीत टॅली प्राइम मागितलेले असते आणि उमेदवार म्हणतो, मला टॅली ईआरपी नाइन येते. प्राइम ही त्याच टॅलीची २०२० च्या अखेरीस आलेली पुढची आवृत्ती आहे. ज्याला जमा-नावे कळते आणि २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीचे विवरण भरता येते, त्याला नवा पडदा समजायला फार काळ लागत नाही. उलट, ज्याने केवळ पडदा पाठ केला आहे आणि ज्याला जमा-नावे कळत नाही, त्याच्या हाती वह्या देणारा व्यापारी पस्तावतो.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात स्वतःच्या हातांनी केलेले काम लिहावे: कोणते यंत्र, किती वर्षे, काय बनवले. दुसऱ्यात जवळून पाहिलेले आणि थोड्या दिवसांत शिकण्याजोगे. तिसऱ्यात मुळीच न येणारे. जाहिरातीतील प्रत्येक शब्द यांपैकी एका रकान्यात बसवावा. पहिला रकाना अर्जात ठळक लिहावा, दुसरा तोंडी खुलासेवार सांगावा आणि तिसऱ्याबद्दल खोटे बोलू नये. हे मी नीतीचा पाठ म्हणून सांगत नाही. खोट्या अनुभवाने माणूस फोनवर पास होतो. पण यंत्रावर उभा केला की पाव तासात उघडा पडतो. कधी टूल आदळते, कधी हात जातो. आणि एकाने खोटे सांगितले की पुढच्या दहा खऱ्या माणसांवरचा विश्वास उडतो.

तिसऱ्या रकान्यातील एकच शब्द दहा जाहिरातींत पुनःपुन्हा दिसू लागला, तर मात्र तो शिकायला घ्यावा. तसा न दिसता एका जाहिरातीपुरता आलेला शब्द ऐकून क्लासची फी भरू नये. हातच्या टंकयंत्रावर बोटे बसवलेल्या कितीतरी मुलामुलींना संगणकावरची टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागली. शासकीय नोकरीसाठी एमएस-सीआयटीसारखे प्रमाणपत्र लागू लागले. अशा अटींशी भांडत बसण्यात वेळ घालवू नये, त्या पुऱ्या कराव्यात. आपले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी "कमवा आणि शिका" ही रीत घालून दिली ती विद्यार्थ्यांसाठी. आज ती चाळिशीतल्या माणसालाही लागू झाली आहे, एवढाच फरक.

दुसरी जात मध्यस्थाच्या सोयीची. ईमेलनेच अर्ज पाठवा, अमुक ॲपवर भरा, मुलाखत व्हिडिओवर द्या, वेळ लावून संगणकावर चाचणी सोडवा. यांचा कामाशी संबंध नसतो. भट्टीवर काम करणाऱ्याला कॅमेऱ्यापुढे कसे बसावे हे येण्याची गरज काय? पण येथे अभिमान धरून उपयोग नाही. ही वेशीवरची जकात समजावी आणि कमीत कमी खर्चात भरावी. जाहिरातीत जो शब्द आहे तोच, त्याच स्पेलिंगने अर्जात लिहावा. मात्र तो पहिल्या रकान्यातला असेल तरच. अर्ज साधा टाइप केलेला असावा. मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो संगणकाला बहुधा नीट वाचता येत नाही आणि नक्षीच्या चौकटींत तो गोंधळतो. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच सर्वत्र लिहावे. व्हिडिओवर मुलाखत असेल तर आदल्या दिवशी शेजारच्या पोराला पलीकडे बसवून एकदा करून पाहावी. घरी जागा नसेल तर ओळखीच्या कचेरीत किंवा वाचनालयात जागा मागावी. मागण्यात कमीपणा नाही. आणि हे जमत नसेल तर "फोनवर बोलतो किंवा प्रत्यक्ष येऊन काम करून दाखवतो" असे सरळ सांगावे. लहान कारखानदाराला पुष्कळदा तेच हवे असते.

या नव्या रीतींपुढे फार दबूनही जाऊ नये. उमेदवाराच्या मुलाखतीचे चित्रण घेऊन त्याच्या चेहऱ्यावरून त्याची पारख करण्याची पद्धत हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीने काढली होती. तिच्यावर बरीच टीका झाली आणि चेहऱ्याची ही तपासणी बंद केल्याचे कंपनीने २०२१ साली जाहीर केले. चेहरा वाचून कसब कळत नाही, हे कोणत्याही मिस्त्रीने फुकट सांगितले असते.

कागदपत्रांबाबत एक इशारा देतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा कित्येकांची प्रमाणपत्रे भिजून गेली. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये जी मिळतील ती ठेवावीत, बाकीच्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ प्रमाणपत्र मध्यस्थाच्या ताब्यात कधीही देऊ नये. दाखवावे आणि परत घ्यावे. बँकेचा तपशील आणि आधारची प्रत ही नेमणुकीनंतरची गोष्ट आहे, पहिल्या फोनची नव्हे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. कोणत्या कामासाठी माहिती हवी, हे विचारण्याची सवय आपण आतापासूनच लावून घ्यावी.

तिसरी जात फसवणुकीची. आणि ती नेमकी यंत्राच्या अटीचा मुखवटा घालून येते. "घरून काम आहे, लॅपटॉप पाठवतो, अनामत भरा." "आमच्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, फी भरा, पहिल्या पगारात परत मिळेल." "चाचणीसाठी हे ॲप घ्या," आणि त्या ॲपमधून तुमच्या मोबाइलचा पडदा पलीकडचा माणूस पाहत असतो. "आलेला ओटीपी सांगा." येथे विचार करीत बसू नये. नोकरीसाठी उमेदवाराने पैसे द्यायचे नसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात, खाजगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून फी घेऊ नये हे तत्त्व लिहिले आहे. जॉबरची दस्तुरी आपल्या आजोबांनी मुकाट्याने दिली. ती आता मोबाइलवरून द्यायची काय? पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. आमच्या कचेरीत येणारी पोरे पैसे गेल्याचे महिन्याने सांगतात, तेही आईबापांना न कळू देता. या लाजेवरच हा धंदा चालतो.

येथपर्यंत उमेदवाराला सांगितले. श्रोत्यांत कारखानदार आणि व्यापारीही असतात. त्यांनाही दोन शब्द. येथून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना मांडला. त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईकच नव्हते; लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. अशा माळावर अनुभवी यंत्रज्ञ अर्ज घेऊन उभे नव्हते. हाताशी आलेल्या माणसांना शिकवून घेतल्याखेरीज कारखाना उभा राहण्याचा मार्गच नव्हता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामागेही हाच विचार आहे, की माणूस घडवण्यात मालकाचा वाटा असतो. आज मात्र पाच यंत्रे आधीच येणारा माणूस हवा, आणि पगार एका यंत्राचा. कुशल माणूस मिळत नाही ही तक्रार मी ऐकतो; पण आपल्या नावाने निघालेली जाहिरात स्वतः वाचलेले मालक मला थोडे भेटले. ती एकदा वाचा. ज्या अटींशिवाय काम अडत नाही तेवढ्या ठेवा, बाकीच्या खोडा, आणि अर्धा तास यंत्रावर उभे करून माणूस पारखा.

आणि जे एकट्याला जमत नाही ते मिळून करावे. न्यूयॉर्क शहरात २०२३ च्या जुलैपासून नियम लागू झाला आहे, की भरतीसाठी अशी स्वयंचलित पद्धत वापरायची तर ती पक्षपात करते की काय याची तपासणी करून घ्यावी लागेल. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेला जोखमीच्या वर्गात घातले आहे. हे आपोआप झालेले नाही, लोकांनी मागितले म्हणून झाले. आपल्याला आज करता येण्यासारखे लहान आहे, पण आहे. युनियनच्या कचेरीत एक वही ठेवावी. कोणत्या कन्सल्टन्सीने काय मागितले, उत्तर दिले की नाही, पैसे मागितले काय, याची नोंद करावी. आम्ही सांगलीत ती सुरू केली आहे, साताऱ्यातही करीत आहोत. आठवड्यातून एक संध्याकाळ कॉलेजातली दोन मुले येऊन अर्ज टाइप करून देतात. त्या बदल्यात जुने कामगार त्यांना मायक्रोमीटर धरायला शिकवतात.

त्या कामगाराचे काय झाले, असे कोणी विचारील. तीन रकान्यांचा कागद त्याने केला. पहिला रकाना लिहिताना पान पुरले नाही, तेव्हा तो स्वतःच जरा वेळ गप्प बसला. पुढे मिरजेच्या एका लहान कारखान्यात आपण बनवलेले दोन जॉब पिशवीत घालून तो गेला आणि मालकाच्या टेबलावर ठेवले. त्याला काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, आणि त्याबद्दल आमचे बोलणे चालू आहे. सर्वांना असे मिळेलच, असे मी म्हणत नाही. जागा कमी आहेत आणि हात जास्त, हा मोठा प्रश्न कागदाच्या तीन रकान्यांनी सुटत नाही. पण नाकारला जाणारा माणूस स्वतःची किंमत विसरणार नाही, एवढे त्याने होते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा नोकरी शोधणारा कोणी असेल. संध्याकाळी तो घरी आला की आपण विचारतो, "काय झालं?" आणि त्या प्रश्नाने तो आणखी खचतो. तो प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. त्याच्याशेजारी बसा, जाहिरात दोघे मिळून वाचा, आणि एकेका अटीवर बोट ठेवून विचारा: ही कामाची, मध्यस्थाच्या सोयीची, की फसवणुकीची?